बोट फिरवत वाचायचे चित्र

अळवावरचे पाणी हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका मुरला आहे, की ते पाणी पानाला चिकटत का नाही हे विचारायचे आपण विसरूनच गेलो. पानावर बोट फिरवले तर ते मऊ, जवळजवळ मखमली लागते. पावसाचा थेंब मात्र त्यावरून पाऱ्याच्या गोळीसारखा घरंगळतो आणि जाता जाता पानावरची धूळही घेऊन जातो. कमळाच्या पानाचेही तसेच. १९७०च्या दशकात विल्हेल्म बार्थलॉट हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ वर्गीकरणाच्या कामासाठी नाना तऱ्हेच्या पानांचे पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. पान यंत्रात ठेवायचे तर आधी ते स्वच्छ हवे. ही साफसफाई करताना त्यांच्या लक्षात आले, की गुळगुळीत पाने धुवावी लागतात आणि यंत्राखाली खडबडीत दिसणारी पाने न धुताच स्वच्छ असतात. कुणाचीही अपेक्षा याच्या नेमकी उलट असती. या निरीक्षणाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालला. १९९७ मध्ये बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी 'प्लांटा' या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात कमळाच्या जोडीला आपला अळूही आहे. पानावर काही मायक्रॉन उंचीची टेंगळे, आणि त्या टेंगळांवर नॅनोमीटरच्या मापाचे मेणाचे स्फटिक, अशी ही दुहेरी खडबड. थेंब टेकतो तो या शेंड्यांवर. त्याच्या खाली बहुतांशी हवाच असते.

हे पुस्तक त्या शेंड्यांपर्यंत पोचवणाऱ्या यंत्राविषयी आहे. परिभाषेत त्याला क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक म्हणतात. मला हे नाव आवडते, कारण क्रमाक्रमाने पाहणे हा यंत्राचा अवघा स्वभाव त्यात उतरला आहे. प्रयोगशाळेत मात्र ते कुणी उच्चारत नाही; तिथे म्हणायचे 'सेम'. 'सेमची तारीख लागली का?' हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर परीक्षेचा असतो आणि आमच्या व्हरांड्यात यंत्राचा. धाकधूक दोन्हीकडे सारखीच. पुस्तकभर मी 'सेम' हाच शब्द ठेवला आहे. नमुना, भिंग, पडदा, झोत असे रुळलेले मराठी शब्द आहेत तिथे ते घेतले, आणि स्टब, डिटेक्टर, कोटिंग हे शब्द जसे बोलले जातात तसेच राहू दिले.

आधी मापाचा अंदाज घेऊ. कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी डोळ्यांसमोर आणा. ती १० लाख पट ताणली तर १५० किलोमीटर होईल, म्हणजे साधारण मुंबईहून पुण्याला पोचेल. एवढ्या ताणलेल्या पट्टीवर मूळचा एक नॅनोमीटर हा जेमतेम एक मिलिमीटर असेल. मुंबई-पुणे रस्त्यावर कुठेतरी पडलेला मोहरीचा दाणा शोधून त्याचा आकार सांगायचा, अशा प्रतीचे हे काम आहे. साध्या प्रकाशाला ते जमत नाही, आणि त्यात भिंग घासणाऱ्याचा काही दोष नाही. एर्न्स्ट आब्बे यांनी १८७३ मध्येच दाखवून दिले होते, की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवता येत नाहीत. दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास येते. इलेक्ट्रॉनही तरंगासारखा वागतो आणि त्याची तरंगलांबी फार लहान असते. ३० किलोव्होल्टच्या दाबाने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००७ नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी. प्रत्यक्षात भिंगांचे दोष आड येतात आणि चांगले सेम एक नॅनोमीटरच्या आसपास थांबते. तेवढेही पुष्कळ आहे.

आता यंत्राचा गाभा. वाचक या पुस्तकातले बाकी सगळे विसरले तरी चालेल, पण एवढे त्यांनी मनाशी धरावे, की सेम फोटो काढत नाही. कॅमेऱ्यात अख्खे दृश्य एकदम पडद्यावर उमटते. सेमचे वाचन पोथी वाचणाऱ्या आजीसारखे चालते. ओळीखाली बोट ठेवायचे, अक्षर अक्षर लावत शेवटपर्यंत जायचे, बोट उचलून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आणायचे. यंत्रातले बोट म्हणजे इलेक्ट्रॉनांचा अतिशय बारीक झोत. तो नमुन्यावर एका ठिकाणी क्षणभर थांबतो, तिथून किती इलेक्ट्रॉन बाहेर पडले ते डिटेक्टर मोजतो, आणि त्या मोजणीनुसार पडद्यावरचा एक ठिपका उजळ किंवा काळपट होतो. मग पुढचा ठिपका. असे लाखो ठिपके मिळून चित्र होते.

यातून एक गंमत निघते, आणि ती लक्षात यायला मला स्वतःला बराच काळ लागला. सेममधली भिंगे काहीच मोठे करत नाहीत. त्यांचे काम लहान करण्याचे. हेअरपिनसारख्या वाकवलेल्या टंगस्टनच्या तापलेल्या तारेतून निघणारा झोत सुरुवातीला काही दशक मायक्रॉन रुंद असतो. चुंबकीय भिंगे त्याला आवळत आवळत नमुन्यापर्यंत काही नॅनोमीटरवर आणतात. वर्धन कुठून येते मग? साध्या भागाकारातून. पडद्याची रुंदी कायम असते. बोट नमुन्याच्या जितक्या छोट्या तुकड्यावर फिरवाल, तितका तो तुकडा पडद्यावर मोठा दिसतो. ३० सेंटिमीटर रुंद पडद्यावर नमुन्याचा ६ मायक्रॉनचा पट्टा दाखवला की वर्धन ५० हजार पट झाले. म्हणूनच छापील चित्राखाली '५०,००० पट' असे लिहिलेले असले तर त्यावर विसंबू नका. तेच चित्र मोबाइलवर पाहिले की वर्धन बदलले, भिंतीवर प्रक्षेपित केले की पुन्हा बदलले. चित्राच्या कोपऱ्यातली मापाची रेघ तेवढी चित्राबरोबर लहानमोठी होते, आणि खरी राहते.

अशा क्रमाने चाचपून पाहण्याची कल्पना बर्लिनची. एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये तिथेच पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला होता. त्यात इलेक्ट्रॉन पातळ नमुन्याच्या आरपार जात. क्नोल यांनी १९३५ मध्ये सिलिकॉनमिश्रित पोलादाच्या पृष्ठभागावर झोत ओळीओळीने फिरवून चित्र मिळवले, पण त्यांचा झोत जाड होता. तो बारीक केला मानफ्रेड फोन आर्डेने यांनी, १९३७-३८ मध्ये. त्यांचे यंत्र १९४४ च्या हवाई हल्ल्यात नष्ट झाले. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत झ्वोरिकिन, हिलियर आणि स्नायडर यांनी १९४२ मध्ये ५० नॅनोमीटरपर्यंत मजल मारली, पण चित्र फार दाणेदार येई आणि कंपनीने ते काम सोडून दिले.

केंब्रिजचे चार्ल्स ओटली यांनी १९४८ मध्ये हा सोडलेला विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा जाणकारांनी त्यांना वेळ वाया घालवत असल्याचे ऐकवले. ओटलींनी वाद घातला नाही. एकेक विद्यार्थी घेतला आणि यंत्राचा एकेक भाग त्याच्या हवाली केला. डेनिस मॅकमुलन यांनी पहिले यंत्र उभारले. के. सी. ए. स्मिथ यांनी बांधलेले यंत्र १९५८ मध्ये कॅनडातल्या कागदाच्या लगद्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेत गेले. चकचकीत धातू किंवा अणुविज्ञान यांच्याआधी या यंत्राची गरज कागदवाल्यांना पटावी, हे मला फार बोलके वाटते. कागदाचा तंतू पातळ कापून आरपार पाहता येतो, पण त्याची गुंतवळ पाहायची तर तो जसा आहे तसाच पाहायला हवा. १९६० मध्ये थॉमस एव्हरहार्ट आणि रिचर्ड थॉर्नली यांनी असा डिटेक्टर केला, की त्याची मूळ रचना आजच्या यंत्रांतही सापडते. अखेर १९६५ मध्ये 'स्टिरिओस्कॅन' हे यंत्र बाजारात आले. क्नोल यांच्या प्रयोगापासून मोजली तर तीस वर्षे.

चित्र हाती आले, की ते वाचायचे कसे हा पुस्तकाचा खरा विषय. सेमचे चित्र पहिल्या नजरेत इतके ओळखीचे वाटते, की ते वाचावे लागते हेच कुणाला पटत नाही. डोंगर आहे, दरी आहे, एका बाजूने ऊन आल्यासारखे दिसते. हे ऊन कुठले? खोलीत प्रकाश नाही, यंत्राच्या पोटात तर नाहीच. चित्र पाहताना असे समजा, की तुमचा डोळा झोताच्या जागी आहे आणि दिवा डिटेक्टरच्या जागी. डिटेक्टरकडे तोंड केलेले उतार उजळ दिसतात, पाठमोरे उतार सावलीत जातात. कडा विशेष चमकतात, कारण तिथून इलेक्ट्रॉनांना निसटायला दोन बाजू मोकळ्या मिळतात. नवखा वाचक या चमकत्या कडेला वेगळाच पदार्थ समजतो. आणि रंग? सेमच्या चित्राला रंग नसतो. मासिकांच्या मुखपृष्ठांवरचे निळे परागकण आणि केशरी जीवाणू संगणकावर मागाहून रंगवलेले असतात. त्यात गैर काही नाही, पण रंगावरून निष्कर्ष काढू नये.

झोत नमुन्यावर आदळला, की एकाच वेळी अनेक प्रकारचे निरोप बाहेर येतात, आणि प्रत्येक निरोप वेगळ्या खोलीवरून येतो. सर्वांत वरचा निरोप दुय्यम इलेक्ट्रॉनांचा. त्यांची ऊर्जा ५० इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी, त्यामुळे वरच्या काही नॅनोमीटरच्या थरातले तेवढेच बाहेर पडू शकतात. पृष्ठभागाचा घाट तेच सांगतात. थोड्या खोलवरून परत फिरणारे मूळ झोतातले इलेक्ट्रॉन मूलद्रव्याची जात सांगतात. जड अणू जास्त इलेक्ट्रॉन परत पाठवतो, म्हणून कार्बनच्या काळ्या पाटीवर सोन्याचा कण टिपूर उजळतो. त्याहून खोलवरून क्ष-किरण येतात, आणि त्यांच्या ऊर्जेवरून कोणते मूलद्रव्य आहे ते ओळखता येते.

इथे एक मुद्दा मी जरा जास्तच ताणून धरणार आहे. झोत कितीही बारीक असो, आत शिरल्यावर तो पसरतो. सिलिकॉनमध्ये २० किलोव्होल्टचा झोत काही मायक्रॉन खोल जातो आणि फुगीर थेंबाच्या आकारात फैलावतो. तोच झोत १ किलोव्होल्टवर आणला तर जेमतेम तीसेक नॅनोमीटर आत जातो. समजा, तुमचा कण २० नॅनोमीटरचा आहे आणि तुम्ही २० किलोव्होल्टवर त्याचे क्ष-किरण मोजलेत. जो आलेख मिळेल त्यात कणाचा वाटा नाममात्र. बाकी सगळी हकिकत त्याच्या खालच्या पाटीची. प्रबंधांत असे आलेख छापलेले मी पाहिले आहेत. शेजारी 'कणाचे रासायनिक पृथक्करण' असा मथळाही असतो.

दुसरी एक आठवण. बऱ्याच वर्षांपूर्वी एक विद्यार्थी झिंक ऑक्साइडच्या कांड्यांचे चित्र घेऊन धावतच आला. कांड्यांवर एकसारखे, दहाएक नॅनोमीटरचे बारीक दाणे होते. हा नवाच आकार सापडला, अशी त्याची खात्री. चित्र खरोखर देखणे होते आणि त्याचा आनंद मोडवेना. मी एवढेच विचारले, "कोटिंग कशाचे केले होते?" उत्तर आले, सोन्याचे. वीज न वाहणाऱ्या नमुन्यावर झोताचा भार साचतो आणि चित्र पांढरे फटक पडते किंवा सरकते, म्हणून नमुन्यावर सोन्याचा काही नॅनोमीटरचा थर चढवतात. तो थर साईसारखा सलग बसत नाही, दाण्यादाण्यांनी बसतो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच कांड्या कोटिंग न करता कमी व्होल्टवर पाहिल्या. दाणे गायब. विद्यार्थी दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने इतरांच्या निबंधांतली चित्रे तपासायला सुरुवात केली, आणि तेव्हा तो सेम शिकला असे मी धरतो.

म्हणून चित्राखालची काळी पट्टी आधी वाचावी आणि मग चित्र. किती किलोव्होल्ट, कोणता डिटेक्टर, नमुना भिंगापासून किती अंतरावर, मापाची रेघ किती लांब. आणि पट्टीवर न लिहिलेली पण विचारायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे नमुन्यावर आधी काय काय केले. आणखी एक. सेममध्ये दिसतो तो कण. तो एकच स्फटिक आहे की अनेक स्फटिकांचा लाडू, हे पृष्ठभागावरून बहुधा कळत नाही. क्ष-किरण विवर्तनाने २० नॅनोमीटर सांगितले आणि सेममध्ये ८० दिसले, तर दोन यंत्रांचे भांडण लावू नका. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण त्यासाठी भात नीट ढवळलेला हवा. मघाचा ६ मायक्रॉनचा पट्टा घ्या. त्या वर्धनावर एका नजरेत दिसणारे क्षेत्र सुमारे २७ चौरस मायक्रॉन असते. एक चौरस सेंटिमीटरच्या नमुन्यात अशी ३७ लाख क्षेत्रे मावतात. त्यातले सर्वांत सुंदर निवडून छापायचे आणि खाली 'प्रातिनिधिक चित्र' असे लिहायचे, हा आमच्या क्षेत्राचा जुना मोह आहे. मीही त्याला बळी पडलो आहे. उपाय सोपा आहे: आधी ५० पट वर्धनावर नमुना सगळा फिरून पाहावा, गावात शिरताना आधी वेस पाहावी तसा, आणि मगच गल्लीत वळावे.

या विषयाचा संबंध नव्या पदार्थांशीच आहे, असे मात्र कुणी समजू नये. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी तपासले. तो निबंध २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. गिलाव्यात मिसळलेले वनस्पतीचे तुकडे सेमखाली आणि इतर पद्धतींनी पाहून ते भांगेचे असल्याचे त्यांनी दाखवले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नव्हती, आणि तिथली चित्रे किडींनी बरीच खाल्ली आहेत. वेरूळच्या गिलाव्याला तशी कीड लागलेली नाही. गवंड्याने गिलावा कालवताना काय घातले याची नोंद कुठे नव्हती. ती त्या तंतूंत होती. असा निबंध वाचताना मला आपल्या भागातल्या माणसांनी, आपल्याच भिंतीची, आपल्या हाताने केलेली विचारपूस म्हणून थोडा अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? भौतिकशास्त्राची पार्श्वभूमी असेल तर पहिल्या प्रकरणापासून सरळ निघावे. नसेल तर तुम्ही खुशाल चौथ्या प्रकरणापासून, म्हणजे नमुना तयार करण्यापासून सुरुवात करा. भिंगांच्या दोषांची गणिते तुमची वाट पाहतील. मधूनमधून एखाद्या यंत्राशेजारी बसण्याची संधी मिळवा. मुंबईच्या आयआयटीतल्या 'सैफ' या सुविधा केंद्रात बाहेरच्या संस्थांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासले जातात. नमुना पोस्टाने पाठवून चित्रे ईमेलने मागवणारे पुष्कळ आहेत. शक्य असेल तर तसे करू नका. यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या बाजूला बसा. फोकस लावताना तो दोन गोल घुंड्या आलटून पालटून का फिरवतो, चित्र एका दिशेला ओढल्यासारखे दिसले की काय करतो, नमुन्याच्या कोणत्या भागावरून तो पटकन पुढे जातो, हे पाहण्यातून जे मिळते ते मला पानांवर उतरवता आलेले नाही. आणि जाताना मनात एक प्रश्न घेऊन जा. 'कसे दिसते ते बघू' म्हणून आलेल्यांना सुंदर चित्रे मिळतात. 'हा थर इथे का सुटला?' असे विचारत आलेल्यांना कधी कधी उत्तर मिळते.

पहिला नमुना म्हणून महागडे काही नको. मिठाचा खडा चालेल, वातीचा कापूस चालेल. कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, आणि तो पीळच सुतातल्या तंतूंना एकमेकांत धरून ठेवायला मदत करतो, हे एकदा पाहिले की विसरत नाही. अळवाचे पान तर जरूर न्या. फक्त ते आधी पूर्ण वाळवा. यंत्राच्या पोटातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दहा कोटींव्या हिश्शाइतका उतरवायचा असतो, आणि ओले पान आत गेले तर पंप तासभर घरघरत राहतो, पुढची वेळ घेतलेला माणूस दारात उभा असतो, आणि यंत्र चालवणारा तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतो तिला मापाची रेघ लागत नाही.